सेंटरवर करतो, घरी करत नाही

स्वमग्न मुलांच्या पालकांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं: "सेंटरवर सगळं करतो हो, घरी आला की काही नाही." थेरपिस्ट ताईंच्या टेबलाशी बसलं की मूल लाल ठोकळा लाल डब्यात टाकतं, 'पाणी' म्हणतं, 'दे' म्हटलं की हातातली वस्तू देतं. घरी तेच मूल फ्रिजसमोर उभं राहून किंचाळतं आणि आई अंदाजाने एकेक वस्तू पुढे करत राहते. आजोबांचं मत असतं की पोराला लाडावून ठेवलंय. ताईंना वाटतं, घरी सराव घेत नाहीत. आणि रोज रिक्षाने नेआण करून, महिन्याची फी भरून थकलेल्या आईच्या मनात येतं, मग इतके दिवस हा शिकला तरी काय?

तो शिकला, पण त्या टेबलाशी शिकला. 'पाणी' हा शब्द त्याच्यापुरता तहानेशी जोडलाच गेलेला नाही. तो जोडला गेलाय त्या खोलीशी, त्या ताईंशी, त्यांच्या हातातल्या निळ्या कपाशी आणि शब्द उच्चारल्यावर मिळणाऱ्या वेफरच्या तुकड्याशी. घरात ती खोली नाही, त्या ताई नाहीत आणि पाणी स्टीलच्या पेल्यात येतं. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं बहुतेक मुलांना सहज जमतं. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना ते वेगळं शिकवावं लागतं. थेरपीवाले याला 'जनरलायझेशन' म्हणतात. घरी येऊन केल्या जाणाऱ्या वर्तनथेरपीच्या बाजूने जी काही कारणं सांगितली जातात, त्यांतलं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे.

चष्मा न लावणारा मुलगा

या थेरपीमागचा नियम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांतून मांडला होता: एखाद्या वागण्याच्या पाठोपाठ काय मिळतं, यावर ते वागणं पुन्हा होणार की नाही हे ठरतं. माणसाच्या मुलावर हा नियम कसा चालतो, हे समजायला एक जुनी हकीकत उपयोगी पडते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका मनोरुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दाखल झाला. शोधनिबंधात त्याचं नाव डिकी असं दिलं आहे. तान्हेपणीच मोतीबिंदू झाल्याने त्याच्या डोळ्यांतली भिंगं काढावी लागली होती. चष्मा लावला नाही तर दृष्टी कायमची जाईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं आणि हा पठ्ठ्या चष्मा तोंडाजवळही येऊ देत नव्हता. डोकं आपटायचा, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा, शेजारी कुणी बसल्याशिवाय झोपायचा नाही. माँट्रोझ वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस या तिघांनी त्याच्यावर काम केलं आणि १९६४ साली ते प्रसिद्ध केलं.

चष्मा डोळ्यांवर चढवायचा हट्ट त्यांनी आधी सोडून दिला. खोलीत ठिकठिकाणी काचा नसलेल्या रिकाम्या फ्रेमा ठेवल्या. डिकीने एखादी उचलली की गोळीचा किंवा फळाचा तुकडा. थोड्या दिवसांनी नुसतं उचलणं पुरेना. हातात धरून ठेवली तर खाऊ. मग ती घेऊन फिरला तर. मग डोळ्यांच्या दिशेने नेली तर. असं एकेक पाऊल पुढे सरकत तो रुग्णालयातून घरी गेला तेव्हा दिवसाचे सुमारे बारा तास चष्मा लावत होता.

या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. डिकीचे आईवडील सुरुवातीला नुसते बघत असत. मग त्यांच्या हातून करून घेतलं गेलं. मग डिकी थोड्या थोड्या वेळासाठी घरी जाऊ लागला, तेव्हा रुग्णालयातलं माणूस सोबत जायचं आणि तिथेही पालकांना दाखवून द्यायचं. घरी गेल्यावर सहा महिन्यांनी आईने कळवलं, चष्मा टिकलाय, आदळआपट थांबलीय, झोपतोही. त्या काळात स्वमग्नतेचं खापर आईच्या 'थंड' स्वभावावर फोडण्याची मोठमोठ्या तज्ज्ञांची रीत होती, हे लक्षात घेतलं तर पालकांनाच शिक्षक करणं किती उलट्या दिशेचं पाऊल होतं ते कळतं. योगायोग असा की त्याच १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून आईवरचा तो आरोप खोडून काढला. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही.

किंचाळणं एकच, कारणं निराळी

घरी येणारी चांगली थेरपिस्ट पहिले काही दिवस मुलाला काही शिकवतच नाही. ती बघत बसते आणि वहीत तीन रकाने भरते: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं.

सोमवार, संध्याकाळी सात. आई फोनवर. मूल किंचाळलं. आईने फोन ठेवला आणि त्याला जवळ घेतलं. मंगळवार, जेवणाची वेळ. ताटात दुधी वाढला. किंचाळलं. दुधी उचलला गेला. बुधवार. बाबांनी मोबाइल काढून घेतला. किंचाळलं. मोबाइल परत मिळाला. गुरुवार, दुपार. मूल गॅलरीत एकटंच. तोच आवाज, पण तालात, अगदी मजेत. समोर कुणी नाही, काही मिळालंही नाही.

घरच्यांच्या लेखी चारही दिवशी एकच तक्रार, 'फार किंचाळतो'. वहीनुसार मात्र ही चार वेगळी वागणी आहेत. पहिलं लक्ष मिळवण्यासाठी, दुसरं नको असलेलं टाळण्यासाठी, तिसरं हवी ती वस्तू मिळवण्यासाठी. चौथ्यात आवाजाचा स्वतःचाच आनंद आहे आणि त्यावर बहुधा काही करायची गरजही नाही. वागण्यामागचा हा हेतू न शोधता केलेला उपाय उलटतो. दुधीसाठी किंचाळणाऱ्या मुलाला 'शिक्षा' म्हणून ताटावरून उठवलं तर त्याला जे हवं होतं तेच मिळालं. (अचानक सुरू झालेलं किंचाळणं किंवा डोकं आपटणं असेल तर वही उघडण्याआधी डॉक्टरांकडे जावं. कान ठणकत असेल, दाढ दुखत असेल, पोट साफ नसेल, आणि मुलाला ते सांगता येत नसेल.)

हेतू कळला की पुढचं काम त्याच हेतूसाठी दुसरा, सोपा मार्ग देण्याचं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली हे फार नेटकं दाखवलं. अभ्यास अवघड झाला की त्रास देणाऱ्या मुलांना त्यांनी 'मला समजत नाहीये' असं म्हणायला शिकवलं. कुणी लक्ष देत नाही म्हणून त्रास देणाऱ्यांना 'मी नीट करतोय ना?' असं विचारायला शिकवलं. त्रास झपाट्याने कमी झाला. वाक्यांची अदलाबदल केली, म्हणजे अवघड वाटणाऱ्याला लक्ष वेधणारं वाक्य शिकवलं, तेव्हा मात्र काही उपयोग झाला नाही. आपल्या दुधीवाल्या मुलाला 'नको' म्हणायला, मानेने किंवा हाताने नकार द्यायला शिकवायचं, आणि सुरुवातीला तो नकार प्रत्येक वेळी मानायचा. इथे बरेच आजीआजोबा बिथरतात. "नको म्हटलं की उचलायचं? मग हा खाणार काय?" खाण्याचा प्रश्न नंतर सोडवता येतो, आधी किंचाळण्यापेक्षा 'नको' जास्त चालतं, हे मुलाला पटावं लागतं.

जुना मार्ग बंद होताना एक गोष्ट घडते, तिची कल्पना घरात सगळ्यांना आधीच हवी. रिमोटमधली सेल संपली की आपण काय करतो? तेच बटण आणखी जोरात दाबतो, रिमोट तळहातावर आपटतो. आणि नेमकं आपटल्यावर चॅनल बदलला, तर पुढच्या वेळी बटण न दाबता सरळ आपटूनच सुरुवात करतो. मुलाचंही तसंच. किंचाळून मोबाइल मिळेनासा झाला की किंचाळणं आधी वाढतं, मग कमी होतं. या वाढलेल्या टप्प्यात, रात्रीचे नऊ वाजलेत, वरच्या मजल्यावरून "काय झालं?" अशी विचारणा होतेय, आजीचा जीव कासावीस झालाय, अशा वेळी कुणीतरी 'देऊन टाक एकदाचा' म्हणून मोबाइल देतं आणि मूल नवा धडा घेतं: इतकं ओरडलं की मिळतो. म्हणून घरातल्या थेरपीत आईइतकीच आजी, काका आणि सांभाळणाऱ्या मावशी यांच्याशी बोलणी करावी लागतात. मागण्याचा नवा मार्ग हाती न देता नुसतं दुर्लक्ष करणं मात्र निव्वळ निर्दयपणा आहे, आणि काही ठिकाणी थेरपीच्या नावाखाली तेच चालतं.

चपलेचा पट्टा

आता शिकवण्याकडे. घरी शिकवायचं ते घरात लागणारं असावं. ठोकळे रंगांप्रमाणे लावता आले नाहीत म्हणून कुणाचं अडत नाही. चप्पल घालता आली नाही की रोज अडतं.

चप्पल घालणं हे एक काम वाटतं. प्रत्यक्षात ती पाच-सहा कामं आहेत: रॅकमधून जोड काढायचा, समोर ठेवायचा, खाली बसायचं, डावा-उजवा पाहून पाय सरकवायचा, टाच आत घ्यायची, पट्टा चिकटवायचा. यातलं शेवटचं काम आधी शिकवतात. आई सगळं करून देते. पट्टा तेवढा मुलाने दाबायचा. दाबला की लगेच दार उघडतं आणि खाली झोपाळ्याकडे निघायचं. ते जमलं की टाच आणि पट्टा त्याचा. असं उलटं उलटं मागे जात रॅकपर्यंत पोचायचं. शेवटून सुरुवात करण्याचा फायदा असा की पहिल्या दिवसापासून काम मुलाच्याच हातून पूर्ण होतं आणि बक्षीस त्याच क्षणी समोर असतं.

इथलं बक्षीस म्हणजे चॉकलेट नाही, बाहेर जाणं आहे. चप्पल घालण्याचा जगातला खरा फायदा तोच. कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट आणि लिन कोगेल या जोडप्याने या मुद्द्यावर आयुष्यभर काम केलं. 'उघड' म्हटल्यावर डबा उघडला जावा, वेफर मिळू नये. कारण वेफर देणाऱ्या ताई निघून गेल्या की शब्दही निघून जातो.

मदत द्यायच्याही पायऱ्या आहेत. मुलाच्या हातावर हात ठेवून करून घेणं ही सगळ्यात मोठी मदत. मग मनगटाला नुसता स्पर्श, मग बोटाने दाखवणं, मग काहीच न करता थांबणं. मदत देणं सगळ्यांना जमतं, ती वेळेवर काढून घेणं अवघड. आपल्याकडे तर प्रेमाची रीतच अशी की मुलाने मागायच्या आत वस्तू हातात आली पाहिजे. तहान लागायची वेळ झाली की पेला पुढे. मग बिचाऱ्याने मागायचं कशासाठी? म्हणून थेरपिस्ट सांगतात, बिस्किटं आरपार दिसणाऱ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पेल्यात दोनच घोट पाणी द्या. आणि थांबा, मनात पाच आकडे मोजा. त्या पाच आकड्यांत मूल बरणी आणून तुमच्या हातात देतं, तुमच्याकडे बघतं किंवा 'बि' म्हणतं. यातलं काहीही आलं तरी झाकण लगेच उघडायचं.

बोलणं येतच नसेल तर चित्रांची कार्डं. पाण्याचं चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायचं की पाणी मिळतं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात १९८५ साली ही पद्धत सुरू केली. चित्रांची सवय लागली तर बोलणं कायमचं राहील, ही भीती घरोघर असते. ती खोटी आहे. झालेल्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही.

चाळीस तासांचं ओझं

"आठवड्याला चाळीस तास थेरपी हवी, नाहीतर वेळ हातची जाईल." हा आकडा बहुतेक पालकांच्या कानावर येतो. तो आला लॉस एंजेलिसच्या इवार लोवास यांच्याकडून. १९८७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ लहान मुलांना आठवड्याला सरासरी चाळीस तास, दोन किंवा अधिक वर्षं, बरंचसं घरीच शिकवलं गेलं. त्यांतली ९ मुलं नेहमीच्या पहिलीच्या वर्गात बसू शकली आणि त्यांचा बुद्ध्यंक सर्वसाधारण पातळीवर आला. खळबळ उडाली आणि अमेरिकेत घरोघर थेरपीची टेबलं मांडली गेली.

या अभ्यासाबद्दल दोन गोष्टी सहसा सांगत नाहीत. कुठलं मूल कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे यश किती थेरपीचं आणि किती मुलांमधल्या मूळ फरकाचं हे सांगता येत नाही. आणि त्या थेरपीत जोरात 'नाही!' ओरडणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. साठीच्या दशकात तर लोवास यांनी विजेचे झटकेही वापरले होते. आज असं काही कुणी सुचवलं तर तिथून उठून यावं.

तासांविषयी सांगायचं तर लहान स्वमग्न मुलांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. थेरपीचे तास वाढले म्हणून फायदा वाढतो, असा पुरावा त्यात मिळाला नाही. चाळीस तास परवडत नाहीत म्हणून रात्री झोप न लागणाऱ्या आईबापांनी हे मनात पक्कं करावं.

गंमत अशी की लोवास यांच्याच १९७३ सालच्या, कमी गाजलेल्या अभ्यासात जास्त उपयोगी गोष्ट सापडते. थेरपी संपल्यावर एक ते चार वर्षांनी त्यांनी मुलं पुन्हा तपासली. ज्यांच्या पालकांना शिकवलं होतं, ती मुलं टिकून होती किंवा पुढे गेली होती. जी निवासी संस्थांत परत गेली, ती बरंच कमावलेलं गमावून बसली होती.

गोव्यातली बारा सत्रं

पण पालकांना शिकवणार कोण? आपल्याकडे प्रशिक्षित माणसं मूठभर, तीही मोठ्या शहरांत. या प्रश्नाला हात घालणारा एक प्रयोग शेजारच्या गोव्यात झाला. 'संगात' ही संस्था आणि ब्रिटन, पाकिस्तानातले संशोधक यांनी गोवा आणि रावळपिंडी इथे ६५ मुलांवर तो केला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. पंधरवड्यातून एक अशी बारा सत्रं.

ही पद्धत काटेकोर अर्थाने वर्तनथेरपी नाही, संवादावर भर देणारी तिची चुलत बहीण म्हणता येईल. आई आणि मूल खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं. मग आई आणि कार्यकर्ती ते एकत्र बघतात आणि जुळलेले क्षण शोधतात: इथे त्याने गाडी उलटी करून चाक फिरवलं, तुम्ही 'गाडी नीट चालव' म्हणायच्या ऐवजी 'चाक फिरलं!' म्हणालात, आणि बघा, त्याने तुमच्याकडे पाहिलं. चुका काढत नाहीत. नंतर घरी रोज थोडा वेळ तसाच खेळ. आठ महिन्यांनी पालक मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांचं एकाच गोष्टीकडे एकत्र लक्ष असण्याचा वेळ उलट कमी भरला. तरी बिनतज्ज्ञ माणसांकडून, इतक्या थोड्या सत्रांत एवढं होतं, हे आपल्या तालुक्याच्या गावांसाठी चाळीस तासांच्या आकड्यापेक्षा कितीतरी कामाचं आहे.

काय बदलायचं नाही

लहानपणी अशा थेरपीतून गेलेली स्वमग्न माणसं आता मोठी झाली आहेत, लिहिताहेत, बोलताहेत. त्यांच्यातल्या अनेकांचा राग थेट आहे: आम्हाला मदत करण्यापेक्षा आम्ही इतरांसारखे दिसावं यासाठी आम्हाला घडवलं गेलं. हात फडफडवणं, झुलणं, गोल फिरणं ही बऱ्याच मुलांची स्वतःला शांत करायची रीत असते. ती दाबली की बाहेरून मूल 'सुधारलेलं' दिसतं आणि आतून ताण साठत जातो. "माझ्या डोळ्यांत बघ" हा घोषा तर बंदच व्हावा. अनेकांना डोळ्यांत बघताना त्रास होतो आणि न बघता त्यांना जास्त नीट ऐकू येतं. मला हा आक्षेप पटतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होणारं वागणं, रस्त्यावर धावत सुटणं, शी-शू, जेवण, मागता येणं, नकार देता येणं, यांवर काम करावं. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून कशावरही करू नये.

चौकट: घरी थेरपिस्ट ठेवण्याआधी

'एबीए थेरपिस्ट', म्हणजे वर्तनथेरपिस्ट, अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतं. त्यामुळे विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारा. सत्राच्या वेळी मला खोलीत बसू द्याल का? 'पालक नसले की चांगलं बसतो' असं उत्तर आलं तर पुढे बोलणं नको. पुढच्या तीन महिन्यांत काय शिकवणार, आणि ते आमच्या घरात कुठे उपयोगी पडेल? मूल रडायला लागलं तर काय करता? जाताना रोज मला एक तरी गोष्ट करून दाखवाल ना? 'बरं करून देतो' म्हणणाऱ्याला चहा देऊन निरोप द्या.

सुरुवात कुठून करायची

मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, येणारे शब्द गेले असतील, तर निदानाचा कागद हातात येईपर्यंत थांबायची गरज नाही. घट्ट झाकणाची बरणी, दोन घोट पाणी आणि पाच आकडे थांबणं आजपासून करता येतं. तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तिथली तपासणी मोफत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, आणि राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, ज्यात थेरपीच्या खर्चाचाही काही वाटा येतो. "मुलगे उशिराच बोलतात, आमचाही चौथ्या वर्षी बोलला" असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांचं ऐकून घ्या आणि केंद्रात नाव नोंदवून या.